केशवराव भोसले नाट्यगृह: होतं तसं, पण कधी होतं तसं?

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी संगीत रंगभूमीवरचे गायक-नट केशवराव यांची जयंती होती. अभिवादनाला येणारे कलावंत जळक्या वाशांसमोर येऊन उभे राहिले. तेव्हापासून शहरात एकच मागणी ऐकू येते: होतं तसंच बांधा. सरकारनंही तसाच शब्द दिला. मागणी रास्त आहे, पण हे नाट्यगृह शंभर वर्षांत एकाच रूपात कधी राहिलेलंच नाही. बांधकामावरच्या वादाचं मूळ तिथं आहे.

शाहू महाराजांच्या काळात 1912 साली खासबागेचं कुस्ती मैदान झालं आणि 1915 साली त्याला लागूनच पॅलेस थिएटर उभं राहिलं. एकीकडे लाल माती, दुसरीकडे संगीत नाटक. जाड दगडी भिंती, वर लाकडी छत आणि प्रेक्षकांच्या मध्ये एकही खांब नाही. ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळात नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नुसत्या गळ्याच्या बळावर पोचायचा. केशवराव 1921 साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले. थिएटरला त्यांचं नाव मिळालं ते स्वातंत्र्यानंतर. कोल्हापूरकर मात्र पुढंही बरीच वर्षं 'पॅलेस'च म्हणत राहिले.

गाण्यासाठीचा 1883 चा देवल क्लब, गायक अल्लादियाखाँसाहेबांचं इथलं वास्तव्य, 1920 चा 'सैरंध्री' हा मूकपट, 1929 साली इथं सुरू होऊन 1933 साली पुण्याला गेलेली 'प्रभात' फिल्म कंपनी, हे सगळं इथं पुन्हा उगाळायला नको. एवढंच लक्षात घ्यायचं की गाणं, नाटक, कुस्ती आणि सिनेमा ही चारही दुकानं अंबाबाईच्या महाद्वारापासून चालत जाण्याच्या टप्प्यात होती आणि गिऱ्हाईकही बरंचसं तेच होतं. संध्याकाळी मैदान बघून रात्री नाटकाला बसणारा माणूस इथं नवलाचा नव्हता.

आजची पन्नाशी-साठीची पिढी वाढली ती टॉकीजच्या काळात. व्हीनस, पद्मा, उमा, प्रभात, उषा, रॉयल, शाहू, पार्वती. लक्ष्मीपुरीत तर एका खेळाला तिकीट नाही मिळालं तर पाच मिनिटांत दुसऱ्या दारात उभं राहता यायचं. ब्लॅकवाले, सायकल स्टँड, मध्यंतरातली बटाटेवड्यांची झुंबड. त्या दिवसांत नाट्यगृहाला खरी स्पर्धा होती ती या पडद्यांची, तरीही ते टिकलं. पुण्या-मुंबईच्या व्यावसायिक नाटकांचे दौरे, राज्य नाट्य स्पर्धा आणि शाळा-कॉलेजांची संमेलनं यांवर त्याचं वर्ष भागायचं. पुढं मल्टिप्लेक्स आली आणि बरेच पडदे बंद झाले. व्हीनस कॉर्नर आणि उमा टॉकीज चौक रिक्षावाल्यांच्या तोंडी राहिले. नाट्यगृह मात्र चालू राहिलं. म्हणून त्या रात्रीचा धक्का मोठा होता. मधल्या शहरात रंगभूमीच्या कामाची, मोठ्या प्रेक्षागृहाची ती एकच जागा शिल्लक होती.

आता वादाकडे. 'होतं तसं' म्हणजे 1915 चं की 2024 चं? गेल्या दशकात मोठं नूतनीकरण झालं, त्याआधीही वेळोवेळी डागडुजी झाली. खुर्च्या, प्रकाशयोजना, ध्वनियंत्रणा, वातानुकूलन, सगळं बदललं. लोकांच्या आठवणीतलं नाट्यगृह हे या थरांचं मिळून आहे. एका गटाला मूळ लाकडी बांधणी हवी. दुसरा म्हणतो, ज्या लाकडानं आग घेतली तेच पुन्हा वर चढवायचं का? वाचलेल्या दगडी भिंती आणि दर्शनी भाग ठेवून आतून सगळं नवं करावं, हे त्यांचं म्हणणं. तिसरा गट कमी बोलतो, पण त्याचा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो. विंग किती रुंद, सेटचा ट्रक मागं लागतो का, मेकअपच्या खोल्यांना पाणी येतं का, आग लागली तर बंब कुठून आत येणार? या प्रश्नांना वारसा समितीच्या कागदावर रकाना नसतो.

वारसा म्हणून जपायचं तर दर्शनी कमानींइतकंच छताखालचं मोकळेपण महत्त्वाचं, आणि ते पोलादी कैच्यांनीही, म्हणजे छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांनीही, साधतं. शाहू महाराजांनी त्यांच्या काळात मिळेल ते नव्यातलं नवं तंत्र आणलं होतं. त्यांचं नाव घेऊन जुन्या तंत्राचा हट्ट धरणं हा थोडा उलटा न्याय झाला. अर्थात नव्याच्या नावाखाली दगडाला टाइल चिकटवायची आपल्याकडची सवय पाहता हट्ट धरणाऱ्यांची भीतीही पोकळ नाही. सार्वजनिक इमारतींचा रंग किती वेळा बदलला, हे या शहरानं पाहिलं आहे.

याच भागातलं दुसरं उदाहरण जयप्रभा या चित्रपट स्टुडिओचं. गांधीहत्येनंतरच्या 1948 च्या जाळपोळीत तो जळाला आणि तेव्हाच्या मालकांनी स्वतःच्या खिशाला खार लावून पुन्हा उभा केला. तिथं पुढं अनेक वर्षं चित्रीकरण झालं, मग थांबलं. 2022 साली विक्रीची बातमी बाहेर आली तशी दारात साखळी उपोषणं सुरू झाली. स्टुडिओच्या बाबतीत आग सोसली, पण जमिनीची किंमत सोसली नाही. नाट्यगृहाची जागा सार्वजनिक असल्यानं तो धोका कमी आहे. इथला धोका वेगळा: उद्घाटन होईल, फीत कापली जाईल आणि भाडं एवढं ठेवलं जाईल की हौशी मंडळ महिनाभर आधी तारीख धरूच शकणार नाही.

आग लागल्यापासून ही हौशी मंडळं शहरातल्या छोट्या सभागृहांवर भागवत आहेत. सेट लहान करायचा, पात्रं कमी असलेली संहिता निवडायची, प्रकाशयोजना अर्धी गाळायची. मोठ्या रंगमंचाची सवय मोडलेली एक पिढी तयार व्हायला फार वर्षं लागत नाहीत. त्यामुळं छत लाकडाचं की लोखंडाचं हे ठरवताना भाड्याचा तक्ता, तालमीसाठी राखीव दिवस आणि देखभालीची वार्षिक तरतूद त्याच बैठकीत ठरायला हवी. आतापर्यंतची जाहीर चर्चा मात्र बहुतेक कमानींवरच चालली आहे.