विंच, विद्युत

विजेच्या मोटरने ड्रम फिरवून त्यावर दोर गुंडाळणारे आणि अशा रीतीने जड वस्तू ओढणारे यंत्र. जहाजे, बंदरे, खाणी, बांधकामे तसेच रुतलेली वाहने बाहेर काढणे अशा कामांसाठी ते वापरतात.

इतिहास : हाताने फिरवायच्या विंचचा सर्वांत जुना लेखी उल्लेख सामान्यतः प्राचीन ग्रीक इतिहासकार हीरॉडोटस याच्या इतिहासात मानला जातो. इ. स. पू. ४८० च्या सुमारास इराणचा सम्राट झर्क्सीझ याच्या सैन्यासाठी हेलेस्पाँट (आजची दार्दानेल्स) सामुद्रधुनीवर नावांचा पूल बांधला गेला, तेव्हा त्याचे दोर लाकडी विंचांनी ताणले होते, असे तो सांगतो. हे साधन ॲसिरियात (मेसोपोटेमियातील प्राचीन राज्यात) त्याही आधी असावे, असे काही अभ्यासक मानतात; मात्र हे मत बरेचसे अनुमानावर आधारलेले आहे. त्यापेक्षा ग्रीक मंदिरांच्या दगडांचा पुरावा अधिक भक्कम वाटतो. इ. स. पू. सहाव्या शतकाच्या अखेरीपासून या दगडांवर उचलण्याच्या चिमट्यांसाठी व लोखंडी पाचरींसाठी केलेल्या खाचा आढळतात. त्या क्रेनच्या निदर्शक असतील, तर दोर ओढणारी विंचही त्या काळी रुळलेली असली पाहिजे. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या (परंतु बहुधा त्याच्या नसलेल्या) यांत्रिकीवरील ग्रंथात बांधकामावरील विंच व कप्पी परिचित साधने म्हणून येतात. एकोणिसाव्या शतकात जहाजांवर वाफेच्या विंच आल्या आणि त्या शतकाच्या अखेरीपासून विजेच्या मोटरी त्यांची जागा घेऊ लागल्या.

रचना व कार्य : मोटर, दंतचक्रे, ब्रेक, क्लच, ड्रम आणि दोर हे मुख्य भाग होत. स्थिर विंचना बहुधा त्रिकला प्रत्यावर्ती प्रवाहाची मोटर असते, तर वाहनावरील विंचना १२ किंवा २४ व्होल्टची एकदिश प्रवाहाची. एकसरी गुंडाळीची मोटर सुरुवातीलाच मोठा टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते. कायम चुंबकाची मोटर वीज कमी घेते, पण दीर्घ कामात लवकर तापते. पूर्ण भाराखाली १२ व्होल्टच्या मोठ्या विंचला ४०० अँपिअर किंवा त्याहूनही जास्त प्रवाह लागू शकतो. म्हणून एंजिन चालू ठेवावे लागते आणि मोटर थंड होण्यासाठी मध्येमध्ये थांबावे लागते.

मोटरचा वेग उतरवून टॉर्क वाढवण्याचे काम दंतचक्रे करतात. वर्म दंतचक्रात (स्क्रूसारख्या दांड्याने फिरणाऱ्या चक्रात) बरीच शक्ती घर्षणात वाया जाते, पण पुरेशा मोठ्या गुणोत्तरात भार सहसा स्वतःहून मागे सरकत नाही. ग्रहीय दंतचक्रे (मधल्या चक्राभोवती फिरणारी लहान चक्रे) आटोपशीर व अधिक कार्यक्षम असतात, परंतु त्यांना वेगळा ब्रेक लागतो. तो ड्रमच्या आत असल्यास भाराखाली दोर सोडताना ड्रम तापतो. कृत्रिम तंतूंच्या दोराला ही उष्णता घातक ठरते.

विंचवर छापलेली ओढशक्ती केवळ ड्रमवरील पहिल्या थरासाठी असते, ही बाब वापरणाऱ्यांच्या ध्यानात बहुधा राहत नाही. टॉर्क तोच असताना थरागणिक त्रिज्या वाढते आणि ओढ घटते. ६४ मिमी. व्यासाचा ड्रम व ८ मिमी. दोर असल्यास पहिल्या थराची परिणामी (दोराच्या मध्यापर्यंतची) त्रिज्या ३६ मिमी., तर चौथ्याची सु. ६० मिमी. होते. म्हणजे ४,००० किग्रॅ. क्षमतेची विंच चौथ्या थरावर सु. २,४०० किग्रॅ. इतकीच ओढते.

ड्रमला दोराचे टोक ज्या स्क्रूने जोडतात, तो भार पेलण्यासाठी नसतो. भार पेलते ते वेढ्यांचे घर्षण. घर्षणांक (दोर व ड्रम यांमधील घर्षणाचे प्रमाण) ०·१२ धरल्यास ५ वेढ्यांनंतर टोकाशी मूळ ताणाचा सु. १/४३ भाग उरतो. घर्षणांक ०·०६ असेल, तर तो १/७ च्या आसपास राहतो. पोलादी दोराचे किमान ५ वेढे ड्रमवर ठेवतात, गुळगुळीत कृत्रिम दोराचे मात्र ८ ते १०, त्याचे कारण हेच.

सुरक्षितता : सर्वांत मोठा धोका ताणलेल्या दोरात साठलेल्या ऊर्जेचा असतो. पोलादी दोर तुटला की त्याचे टोक प्रचंड वेगाने उलटते. कृत्रिम दोर हलका असल्याने कमी उसळतो. तथापि त्याला जोडलेला हुक किंवा शॅकल (पिनेने बंद होणारी धातूची कडी) सुटल्यास गोळ्यासारखा उडतो. त्यामुळे दोरावर जड कापड टाकतात, त्याच्या रेषेत कोणालाही उभे राहू देत नाहीत आणि ताणलेला दोर कधीच ओलांडत नाहीत. झाडाला दोर थेट न गुंडाळता रुंद पट्टा लावावा. दोराचा हुक त्याच दोरात अडकवू नये. फिरती कप्पी लावल्यास ओढ जवळजवळ दुप्पट व वेग निम्मा होतो, पण कप्पी स्थिर आधाराला बांधली असेल, तर त्या आधारावरही सु. दुप्पट भार येतो.

दोर हाताळताना चामडी हातमोजे घालावेत. तो मुठीतून घसरू देऊ नये व दोर आत शिरतो त्या मार्गदर्शकापासून हात दूर ठेवावा. परत गुंडाळताना दोरावर थोडा ताण हवा, नाहीतर पुढच्या जड ओढीत वरचे वेढे खालच्यांत रुततात. तारा तुटलेला, पीळ बसलेला किंवा चपटा झालेला पोलादी दोर काढून टाकतात. वाहनावरील विंच भार उचलण्यासाठी बनवलेली नसते आणि माणसे उचलण्यासाठी तर ती मुळीच वापरू नये.