ऑक्टोपॅड आला कुठून आणि ढोलकी अजून का लागते

गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात आता ऑक्टोपॅड, म्हणजे आठ पॅडचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, नसेल तर लोकांना चुकल्यासारखं वाटतं, इतका तो आपला झालाय. पण मुळात ही वस्तू हाताने वाजवायची नव्हतीच. 1981 ला इंग्लंडमधल्या सिमन्सचे षटकोनी पॅडवाले इलेक्ट्रॉनिक ड्रम आले ते काठीने वाजवायचे. मग 1983 ला मिडी आलं, म्हणजे एका कंपनीच्या पॅडवर मारायचं आणि आवाज दुसऱ्या कंपनीच्या मशीनमधून काढायचा अशी सोय झाली, आणि 1985 ला जपानच्या रोलंडने पॅड-8 काढला. तोच पहिला ऑक्टापॅड, आपल्या तोंडात ऑक्टोपॅड. आठ रबरी पॅड, आणि आत स्वतःचा आवाज एकही नाही! आवाज आतच असलेली मॉडेल्स नंतर आली, त्यातलं 1998 चं एसपीडी-20 आपल्याकडे ऑर्केस्ट्रा, बँजो पार्टी सगळीकडे पोचलं.

का पोचलं हे कळायला पावसाळ्यात एकदा ढोलकीवाल्याशेजारी बसा. हवा दमट झाली की कातडं सैल पडतं, सूर उतरतो, आम्ही कार्यक्रमाआधी ढोलकी हॅलोजनसमोर धरून शेकवायचो आणि दोन गाणी झाली की परत तेच. गायकाची पट्टी बदलली की दुसरी ढोलकी. वर माईकमध्ये बाजूच्या स्पीकरचा आवाज शिरून शिट्टी मारणार ती वेगळीच. ऑक्टोपॅडची वायर सरळ मिक्सरला, विषय संपला.

पण हाताचं काय? ढोलकीच्या धुमेवर, म्हणजे खर्जाच्या तोंडावर, तळवा दाबत सरकवला की आवाज घुमत वर चढतो, तो एक ठोका नसतोच, त्या दाबात सगळी गंमत आहे, आणि साध्या पॅडला फक्त किती जोरात मारलं एवढंच कळतं. ही अडचण जपान्यांनाही कळली होती. 1994 ला कॉर्गने वेव्हड्रम काढला, त्यात नुसतं बटण दाबल्यासारखं सॅम्पल, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेला आवाज, वाजत नाही, वरच्या पडद्याची थरथर सेन्सर उचलतो आणि त्याच्यावरच आवाज घडतो, बोटाने घासलं तरी ऐकू येतं. 2000 ला रोलंडचं हँडसॉनिक आलं, 10 इंची गोल पॅडचे 15 भाग, बोटांनी वाजवायचं, दाब दिला की सूर वाकवता येतो, तबल्याचे आवाजही आत. माझ्या मते खरं हाताचं इलेक्ट्रॉनिक वाद्य इथून सुरू होतं.

तरी रेकॉर्डिंगला लावणी असली की मी ढोलकीवालाच बोलावतो. खालचा ठेका पॅडवर करून ठेवला तरी चालतो, पण शाईच्या तोंडावर काठाला वाजणारी ती कडक चाट आणि तोड्याच्या शेवटी बोटं जरा रेंगाळतात ना, ते माईक लावूनच घ्यावं लागतं, खोलीत पंखा बंद करून.