बागेतल्या नोडची सेटिंग, घरात बसून

तासगावकडे ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षबाग उघडी पडते. काड्या, तारा आणि खांब, एवढंच उरतं. त्या दिवसांत मळ्यातल्या घरापासून विहिरीपर्यंत आणि तिथून पुढे बेदाणा शेडपर्यंत वाय-फायचे मेश नोड, म्हणजे एकमेकांना बिनतारी जोडून नेट पुढे पोचवणारी छोटी यंत्रं, बसवले, तर सगळं झकास चालतं. पुढे मांडव पानांनी भरतो. पानांत पाणी असतं आणि पाणी वाय-फायच्या लहरी शोषून घेतं. मग शेडवरचा कॅमेरा अडखळायला लागतो. नोड तेच, जागाही तीच, बिघाड कुठेच नाही. हे सांगायचं काम खरं तर नोडच्या सेटिंग पेजचं, पण बरीच पेजं फक्त सिग्नलच्या ताकदीचा आत्ताचा आकडा दाखवून थांबतात: −78 डीबीएम (हे ताकद मोजायचं एकक).

हा आकडा उणे असतो. 72 पेक्षा 78 मोठा, म्हणजे बरा, असं कुणालाही वाटेल. खरं उलट आहे. दर 3 डेसिबलला ताकद जवळपास निम्मी होते, म्हणजे −72 चा −78 झाला तर सिग्नल चौथ्या हिश्श्यावर आला. आकडा काढून टाकू नये, जाणकाराला तो लागतो. पण त्याच्या आधी 'कमजोर' असं लिहावं आणि शेजारी गेल्या काही महिन्यांचा आलेख द्यावा. बागेला फूट कधी आली हे शेतकऱ्याला पक्कं ठाऊक असतं. आलेख बघून कारण तोच ओळखेल.

नोडची नावंही जागेवरून हवीत: घर, विहीर, शेड. बारा अक्षर-अंकांच्या पत्त्यावरून कुणालाच काही कळत नाही. शेडचा डेटा विहिरीवरून येतो, ही साखळीही दिसली पाहिजे. एकाच रेडिओवर चालणारा नोड एका चॅनेलवर (लहरींच्या एका ठरावीक पट्ट्यावर) एका वेळी ऐकू तरी शकतो किंवा बोलू तरी शकतो, त्यामुळे अशा प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. 'शेडवर नेट स्लो का?' याचं उत्तर त्या साखळीतच असतं.

खरी कसोटी लागते चॅनेल बदलताना. घरात बसून शेडच्या नोडचा चॅनेल बदलायचा, तर तो हुकूम त्याच वायरलेस दुव्यावरून जाणार. आधी घरच्या नोडचा चॅनेल बदलला, तर विहीर आणि शेड जुन्याच चॅनेलवर राहतात आणि संपर्क तुटतो. ज्या फांदीवर बसलो तीच तोडण्याचा हा प्रकार. म्हणून पेजवर प्रत्येक नोडला वेगळं 'सेव्ह' बटण देणं मला चुकीचं वाटतं. बदल सगळ्या साखळीसाठी एकदाच विचारावा, आणि आधी शेड, मग विहीर, शेवटी घर हा क्रम सॉफ्टवेअरनेच सांभाळावा. तरीही काही फसलंच, तर? ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मुक्त प्रणालीत चांगली सोय आहे: बदल लागू केल्यावर ठरावीक वेळात पेज पुन्हा राउटरपर्यंत पोचलं नाही, तर राउटर आपोआप जुन्या सेटिंगवर परततो. मेशच्या प्रत्येक उपकरणात ही सोय असायलाच हवी. नाहीतर रात्री बॅटरी घेऊन शेडपर्यंत चालत जावं लागतं.

वाय-फायच्या 5 गिगाहर्ट्झ पट्ट्यातल्या काही चॅनेलवर हवामान खात्याची आणि इतर रडारं चालतात. असा चॅनेल निवडला, तर अनेक देशांच्या नियमांनुसार नोडला आधी किमान 60 सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. पेजवर त्या वेळात फक्त गोल फिरत राहिला, तर माणूस वैतागून प्लग काढतो, आणि ते मिनिट पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. 'रडार आहे का ते तपासतोय, एक मिनिट थांबा' एवढी ओळ आणि उलटे मोजणारे सेकंद पुरेसे आहेत.

'रीस्टार्ट' आणि 'फॅक्टरी रीसेट' ही बटणं शेजारी तर मुळीच नकोत. रीस्टार्टने सेटिंग टिकते. रीसेटने मेशचं नाव आणि पासवर्ड दोन्ही पुसले जातात, नोड जाळ्यातून बाहेर पडतो आणि त्याच्यामागे जोडलेले नोडही, दुसरी वाट नसेल तर, तुटतात. म्हणून विहिरीचा नोड रीसेट करताना पेजने आधी स्पष्ट सांगावं: 'यामुळे शेडही बंद पडेल.' आणि मगच पुढे जाऊ द्यावं.