सॉलिडिटी येते म्हणून कोणी ‘कोअर’ होत नाही

हिंजवडीत इंटरव्ह्यू पॅनेलवर बसलं की अधूनमधून तो बायोडेटा समोर येतोच: ‘कोअर ब्लॉकचेन डेव्हलपर’. आत बघावं तर सॉलिडिटीत (एथेरियमवरचे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लिहायची भाषा) लिहिलेलं एक टोकन आणि एक लॉटरी. काम वाईट नाही, पण त्याला कोअर म्हणू नका.

स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट तुम्हाला माहीतच आहे, ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्रॅम. कोअर म्हणजे ती चेनच चालवणारं, प्रत्येक नोडवर (चेनमध्ये सामील असलेल्या संगणकावर) बसणारं सॉफ्टवेअर: एथेरियमचे गेथ आणि बेसू, बिटकॉइनचं बिटकॉइन कोअर. भाषा, टूल्स, पगार हे फरक किरकोळ.

खरी गोम आहे ती चुकीत. 2016 मध्ये ‘द डाओ’ या एथेरियमवरच्या गुंतवणूक निधीच्या कॉन्ट्रॅक्टमधून सुमारे 36 लाख इथर (एथेरियमचं चलन) उपसले गेले, तरी एथेरियमचे ब्लॉक बिनबोभाट बनत राहिले. (नंतर हार्ड फोर्क करून, म्हणजे चेनचे नियमच बदलून, पैसे परत दिले, ते मात्र कोअरचं काम.) आता मार्च 2013 मधलं बिटकॉइन बघा. 0.8 आवृत्तीत बर्कलीडीबी हा डेटाबेस जाऊन लेव्हलडीबी आला होता. नियम कोणी मुद्दाम बदलला नव्हता. एक मोठा ब्लॉक 0.8 ने स्वीकारला, 0.7 च्या जुन्या डेटाबेसला तेवढे लॉक पुरेनात, त्याने तो नाकारला. चेन दुभंगली. माघार कोणी घेतली? 0.8 वाल्या मायनरांनी (ब्लॉक बनवणाऱ्यांनी)! नवा कोड चांगला असूनही हरला, कारण इथे बाकीच्या नोडांशी जुळणं हाच बरोबर असण्याचा निकष.

बिटकॉइनची ‘चेकमल्टिसिग’ ही अनेक सह्या तपासणारी सूचना स्टॅकवरून एक घटक जास्तीचा उचलते. सगळ्यांना ठाऊक आहे, पण दुरुस्त करायला गेलं तर चेन फुटेल. म्हणून व्यवहारातच एक रिकामा घटक जोडतात. दिसला बग की संध्याकाळपर्यंत काढून टाकायचा, ही आपली ऑफिसातली सवय इथे घातक.

जावावाल्यांनो (पुण्यात तुम्हाला काय तोटा!), कोअरसाठी सॉलिडिटीच्या क्लासची फी भरू नका. बेसू आणि टेकू हे एथेरियमचे क्लायंट जावातच आहेत, कोड खुला आहे. कॉमेंटमधलं स्पेलिंग सुधारून ‘कॉन्ट्रिब्युटर’ म्हणवून घेण्यापेक्षा दुसऱ्यांच्या पुल रिक्वेस्ट वाचा, चालवून बघा. मग बेसूच्या गॅसच्या (व्यवहार चालवायला लागणाऱ्या कामाचं माप) हिशेबात मुद्दाम एकचा फरक करा, एथेरियमच्या सामायिक चाचण्या चालवा आणि स्टेट रूट (सगळ्या खात्यांच्या स्थितीचा एकत्रित हॅश) नेमका कुठल्या ब्लॉकपासून जुळेनासा होतो ते शोधून काढा.