समाजकार्याचं शिक्षण: आधी पदव्युत्तर, मग पदवी

आपल्याकडे समाजकार्याचं शिक्षण वरून खाली आलं. पदव्युत्तर अभ्यासक्रम आधी रुजला, बारावीनंतरचा बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, पुष्कळ नंतर. आज नोकरीच्या जाहिरातींत बीएसडब्ल्यू झालेल्या मुलामुलींच्या पदवीला वेगळं वजन मिळत नाही, या अडचणीचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

सेवेची परंपरा अर्थातच त्याहून जुनी. ना. म. जोशींनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं चालवली. पण या कामाचं रीतसर, पूर्णवेळ शिक्षण सुरू झालं १९३६ साली. मुंबईच्या नागपाड्यात नेबरहूड हाउस हे वस्तीतलं सेवाकेंद्र चालवणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने आणि टाटा ट्रस्टच्या पैशातून सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उभं राहिलं. नावातच ग्रॅज्युएट होतं, म्हणजे प्रवेश पदवीधरांनाच. १९४४ पासून हीच संस्था टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून ओळखली जाते.

नोकऱ्याही त्याच सुमारास निर्माण होऊ लागल्या. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. मग १९५५ मध्ये मुंबईत निर्मला निकेतन हे समाजकार्य महाविद्यालय आलं, १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत महाविद्यालयं निघाली आणि बीएसडब्ल्यू शहराबाहेरच्या मुलांच्या आवाक्यात आला. माझ्या मते या शिक्षणाच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा टप्पा. अमेरिकन शहरांतल्या केसवर्कवर, म्हणजे एकेका व्यक्तीला किंवा कुटुंबाला मदत करण्याच्या पद्धतीवर, बेतलेली पुस्तकं दुष्काळ, जात आणि स्थलांतर घरात पाहिलेल्या मुलांच्या हाती पडली, तेव्हा त्यांतलं काय इथे लागू पडत नाही हे त्यांना सांगावं लागलं नाही.

या अभ्यासक्रमाचा कणा म्हणजे फिल्डवर्क. आठवड्यातले ठरलेले दिवस वस्तीत, शाळेत, रुग्णालयात किंवा एखाद्या संस्थेत काढायचे, गृहभेटी करायच्या आणि परत येऊन रेकॉर्डिंग, म्हणजे काय पाहिलं-ऐकलं त्याची नोंद, लिहायचं. ‘कुटुंब सहकार्य करत नाही’ असं विद्यार्थ्याने लिहिलं की चांगला सुपरवायझर, म्हणजे फिल्डवर्कवर देखरेख करणारा शिक्षक, समासात विचारतो: नेमकं काय घडलं? तू काय म्हणालास? त्या वेळी घरात कोण कोण होतं? मग आयसीमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या बैठकीत, त्यावर बोलणं होतं. स्वतःच्या मनातलं मत आणि समोर दिसलेली गोष्ट वेगळी करायची सवय अशीच लागते. व्यवसायाची खरी तयारी ही. जिथे रेकॉर्डिंग नुसत्या सहीसाठी तपासलं जातं, तिथे ती होत नाही, आणि अशी ठिकाणं थोडी नाहीत.

मान्यतेचं घोडं मात्र अडलेलंच आहे. अमेरिकेत कौन्सिल ऑन सोशल वर्क एज्युकेशन १९५२ मध्ये स्थापन झाली आणि १९७४ पासून ती पदवी अभ्यासक्रमांनाही मान्यता देते. त्यासाठी किमान ४०० तासांचं फिल्डवर्क लागतं. आपल्याकडे नॅक ही राष्ट्रीय मूल्यांकन परिषद महाविद्यालयाचं मूल्यांकन करते, विद्यापीठ पदवी देतं, राज्यातल्या अनुदानित समाजकार्य महाविद्यालयांचा कारभार सामाजिक न्याय विभागाकडे असतो. पण वकिलांना बार कौन्सिल आहे तशी सगळ्या समाजकार्यकर्त्यांची नोंदणी करणारी राष्ट्रीय परिषद नाही. तिच्या कायद्याचा मसुदा नव्वदच्या दशकापासून चर्चेत आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्ते आले. वस्ती, बालसंरक्षण, ग्रामविकास या क्षेत्रांत काम करणारे बाहेरच राहिले.

बालसंरक्षण कक्षातल्या समाजकार्यकर्त्याच्या पदाला आजही समाजशास्त्राचा पदवीधर चालतो. त्या उमेदवाराला मी कमी लेखत नाही. पण पोलीस ठाण्यात घाबरून बसलेल्या मुलाशी पहिलं वाक्य काय बोलायचं, हे ज्याने तीन वर्षं फिल्डवर्कमध्ये चुकत शिकून घेतलं, त्याच्या शिक्षणाला भरतीच्या नियमांत वेगळं वजन मिळायलाच हवं.