उतारवयात प्रथमच दिसणारी मल्टिपल स्क्लेरोसिसची लक्षणे (ठाणे–नवी मुंबई)

मल्टिपल स्क्लेरोसिस, बोलताना ‘एमएस’, हा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांचा दीर्घकालीन आजार आहे. शरीराची प्रतिकारशक्ती चेतातंतूंवरील मायेलिन या मेदयुक्त आवरणावर उलटते. आवरण झिजले की संदेश मंदावतात किंवा वाटेतच अडतात. पॅरिसच्या साल्पेट्रिएर रुग्णालयातील झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले. त्याची सुरुवात बहुधा २० ते ४० या वयात होते, आणि स्त्रियांमध्ये जास्त. पहिले लक्षण पन्नाशीनंतर उमटले तर त्यास उशिरा सुरू झालेला एमएस म्हणतात. साठीनंतरची सुरुवात आणखी विरळा. शिवाय युरोप व उत्तर अमेरिकेच्या मानाने भारतात हा आजारच कमी आढळतो. त्यामुळे नौपाड्यातल्या किंवा नेरूळच्या एखाद्या बासष्ट वर्षांच्या गृहस्थांचा पाय ओढू लागला, तर ‘आता वय झालं’ हेच घरातले पहिले निदान असते.

लक्षणे माणसे आपापल्या शब्दांत सांगतात: पायाला मुंग्या येतात, कापसावर चालल्यासारखे वाटते, छातीपोटाला पट्टा आवळल्यासारखे होते, मान खाली घातली की पाठीतून वीज सरकते. आपल्याकडचे मेंदूविकारतज्ज्ञ एक साधा प्रश्न आवर्जून विचारतात: चप्पल पायातून निसटते का, आणि निसटलेली कळते का? कळत असेल तर पाऊल अशक्त झाल्याचा संशय येतो. न कळता मागे राहत असेल तर पायाची जाणीवच कमी झालेली असू शकते. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जाणे हीसुद्धा त्याच जातीची खूण. महागड्या तपासण्यांच्या आधी हे दोन प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत.

तरुणपणी एका डोळ्याने अचानक अंधुक दिसणे, मग काही आठवड्यांनी बरे वाटणे, असे झटके येतात. उतारवयात चित्र बरेचदा निराळे असते. झटका असा येतच नाही. महिनोन्‌महिने चाल हळूहळू बिघडत जाते. ठाणे स्थानकाचा जिना चढताना कठड्याचा आधार लागू लागतो, तलावपाळीची फेरी अर्ध्यावर थांबते, विरंगुळा केंद्रात जाणे कमी होते. लघवीची घाई झाली तर पुरुषांत प्रोस्टेटकडे आणि मधुमेहींत साखरेकडे बोट दाखवले जाते. अशी कारणे पुष्कळदा खरीही असतात, म्हणूनच गल्लत होते.

उष्णतेचा मुद्दा इथे विशेष महत्त्वाचा. अंग तापले की मायेलिन गमावलेल्या तंतूंतून संदेश आणखी मंदावतात आणि जुनी लक्षणे डोके वर काढतात. व्हिल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्ये ही गोष्ट नोंदवली. खाडीकाठच्या दमट मे महिन्यात, गर्दीच्या लोकलमधून उतरल्यावर किंवा कढत पाण्याच्या आंघोळीनंतर पाय लटपटतात आणि थंडाव्यात पुन्हा सावरतात. यात नवी इजा झालेली नसते. मात्र ही वेळ डॉक्टरांना सांगण्यासारखी असते.

चेहरा वाकडा होणे, बोबडी वळणे, हातपाय लुळा पडणे हे काही क्षणांत घडले तर आधी पक्षाघात समजावा आणि तडक मोठ्या रुग्णालयात जावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. एमएसचा झटका काही तासांत किंवा दिवसांत चढत जातो आणि किमान २४ तास टिकतो.

निदानात दोन्ही बाजूंनी चुका होतात. मानेच्या मणक्यात दबलेला मज्जारज्जू आणि बी-१२ची कमतरता यांत हुबेहूब अशीच चाल बिघडते, आणि या दोन्हींवर उपाय आहेत. त्या तपासल्याविना पुढे जाऊ नये. उलट, साठीत मेंदूचा एमआरआय केला की रक्तदाब, मधुमेह किंवा नुसत्या वयाने आलेले पांढरे ठिपके बहुधा दिसतात. केवळ त्या अहवालावरून कोणाच्या कपाळी एमएस लिहिणे अन्यायाचे आहे. मज्जारज्जूतले डाग मात्र वयाने येत नाहीत, म्हणून मानेपाठीचाही एमआरआय उपयोगी पडतो. पाठीतले पाणी तपासल्यावर त्यात विशिष्ट प्रथिनांचे पट्टे सापडले, तर संशय बळावतो. ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस अधू होतो’ ही भीती घराघरांत आहे. प्रत्यक्षात त्रास बहुधा काही दिवसांच्या डोकेदुखीपुरता असतो.

झटक्यावर शिरेतून स्टेरॉईड देतात. मधुमेह्याच्या साखरेवर तेव्हा बारीक लक्ष ठेवावे लागते. आजार आवरणारी औषधे वयानुसार कमी प्रभावी ठरतात आणि संसर्गाचा धोका वाढवतात, म्हणून ती सुरू करण्यापूर्वी क्षयरोग व कावीळ-बी यांच्या चाचण्या होतात. फिजिओथेरपी कोणत्याही वयात उपयोगाची.

ठाणेकरांना कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय जवळ आहे. खास मेंदूविकार विभागासाठी परळचे केईएम, भायखळ्याचे जेजे किंवा मुंबई सेंट्रलचे नायर गाठले जाते. नवी मुंबईहून परळला जायचे तर हार्बरने कुर्ल्याला उतरून, पूल चढून गाडी बदलावी लागते. ज्याचा पायच आजारी आहे त्याला तो पूल ही वेगळी परीक्षा असते. मुंबईत १९८५ पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था रुग्णांसाठी काम करते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. सकाळी गार खोलीत तपासलेला पाय आणि दुपारी उन्हातून चालत आलेला पाय एकच दिसत नाही, म्हणून किती पावलांवर थांबावे लागते याची तारीखवार नोंद रुग्णाने तपासणीला सोबत न्यावी.