प्रतिमेतील धूसरपणा

प्रतिमेतील कडा रेखीव न दिसणे आणि बारीक तपशील एकमेकांत मिसळणे म्हणजे धूसरपणा. वस्तूच्या एका बिंदूतून आलेला प्रकाश प्रतिमेतही एका बिंदूत एकवटायला हवा. तो पसरला की प्रतिमा धूसर होते. हा पसरलेला ठिपका कसा दिसतो, यावरून बहुतेक वेळा कारण ओळखता येते. म्हणून फोटो काढून टाकण्याआधी तो मोठा करून जरूर पाहावा.

फोकस चुकला असेल तर दूरच्या दिव्याची गोल चकती होते आणि दुसऱ्याच अंतरावरचे काहीतरी, उदाहरणार्थ चेहऱ्यामागची भिंत, स्वच्छ उमटलेले असते. ३६ × २४ मिमी. फिल्मवर ही चकती साधारण ०.०३ मिमी.पेक्षा लहान असेल, तर नेहमीच्या आकाराच्या छपाईत ती बिंदूच वाटते. कॅमेरा हलला असेल तर चकतीऐवजी रेघ दिसते, आणि बहुधा चौकटीतल्या सगळ्याच दिव्यांच्या रेघा सारख्या वळणाच्या असतात. फक्त धावणारे मूल पुसट आणि मागची झाडे स्पष्ट असतील, तर हालचाल मुलाची. हातात कॅमेरा धरताना २०० मिमी. नाभीय अंतराच्या लेन्सला शटर १/२०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावे, असा छायाचित्रकारांचा ठोकताळा आहे. लेन्समधील स्थिरीकरण हाताचा कंप सावरते. धावणाऱ्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही. लेन्सवरचा बोटाचा डाग मात्र सगळ्या चित्रावर दुधट पडदा आणतो.

लेन्सचे छिद्र लहान केल्याने रेखीव दिसणारा पल्ला वाढतो, पण फार लहान केल्यास विवर्तनामुळे, म्हणजे अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश वळल्यामुळे, तो पुन्हा पसरतो. एफ/१६ एवढ्या लहान छिद्राला हिरव्या प्रकाशाचा ठिपका सुमारे ०.०२ मिमी. व्यासाचा होतो.

दोष आरशातही असू शकतो. १९९० मध्ये अवकाशात सोडलेल्या हबल दुर्बिणीच्या २.४ मीटर आरशाची कड सुमारे २.२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमी.चा हजारावा भाग) जास्त सपाट घासली गेली होती. एवढ्याशा चुकीने ताऱ्यांभोवती प्रकाशाचे वलय दिसू लागले. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्ती करेपर्यंत शास्त्रज्ञ गणिती पद्धतींनी प्रतिमा सुधारत होते. रिचर्डसन (१९७२) आणि ल्यूसी (१९७४) यांची पद्धत त्यांतलीच: ठिपका नेमका कसा पसरला हे माहीत असेल, तर मूळ प्रतिमेचा अंदाज बांधता येतो. फोटो ॲपमधील ‘शार्पन’ एवढे करत नाही. ते कडांचा उठाव वाढवते, आणि जास्त वापरल्यास कडांना पांढरी किनार येऊन दाणेदारपणा उठून दिसतो.